कारणाचा रकाना

धर्मग्रामाच्या कपाटात तीन वह्या असतात : एक बाप्तिस्म्याची, एक विवाहाची आणि एक मृतांची. त्या नीट लिहिल्या जातील व सुरक्षित राहतील हे पाहण्याची जबाबदारी प्रमुख धर्मगुरूवर असते. कॅनन लॉचे ५३५वे कलम तसे सांगते आणि सेमिनरीत असताना आम्ही ते पाठही केले होते. परंतु या वह्या वाचायच्याही असतात, हे मात्र आमच्या ध्यानी कधी आले नाही. लग्नासाठी कुणाला दाखला हवा असला म्हणजे वही काढायची, नाव शोधायचे, उतारा द्यायचा, शिक्का मारायचा आणि वही पुन्हा कपाटात ठेवायची. पंचवीस वर्षांहून अधिक काळ आम्ही हेच करीत आलो.

२०२१ च्या जुलै महिन्यात महाड पाण्याखाली गेले, हे वाचकांस ठाऊक असेलच. २२ जुलैच्या त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. कित्येकांचे देह सापडले नाहीत. शेवटी शोध थांबवून बेपत्तांना मृत जाहीर करावे लागले. त्या मानाने आमच्याकडे जे झाले ते सांगण्याजोगे नाही. कपाटाचा तळचा खण भिजला, इतकेच. मृतांची वही त्या खणात होती.

ती वही आम्ही आणि आमच्या शाळेच्या गाडीचे चालक, असे दोघांनी मिळून आठ दिवस वाळवली. मुले त्यांना ‘गाडीकाका’ म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो होतो. त्यांचे नाव येथे देत नाही. वीज असेल तेव्हा पंख्याखाली, नसेल तेव्हा खिडकीशी, एकेक पान उलटून मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा असा उद्योग चालला होता. पान वाळेपर्यंत हाताला दुसरे काम नाही. तेव्हा वाचत बसलो.

मृतांच्या वहीत एक रकाना असतो : ‘मृत्यूचे कारण’. त्या रकान्यातून खाली खाली जात असता आम्हांस विचित्र वाटू लागले. ताप. अशक्तपणा. म्हातारपण. अचानक. पुन्हा ताप. एका सहा वर्षांच्या मुलीच्या नावापुढे आमच्या कोणा पूर्वसूरींनी सुंदर अक्षरात लिहिले होते, ‘देवाची इच्छा’. सबंध दहा वर्षांत एकही माणूस कर्करोगाने गेलेला नव्हता! हे कसे शक्य आहे? मग आमच्याच हस्ताक्षरातली पाने आली. एका बाईंच्या नावापुढे आम्ही लिहिले होते, ‘अल्प आजाराने’. त्या बाई आम्हांला चांगल्या आठवत होत्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने दोन वर्षे अंथरुणाला खिळल्या होत्या. अंत्यविधीच्या दिवशी त्यांचे यजमान दाराआड येऊन म्हणाले होते, “फादर, कॅन्सर तेवढं लिहू नका. मुलीचं व्हायचंय अजून.” आणि आम्ही लिहिले नाही. आम्हांला ती दया वाटली होती.

गाडीकाका पान धरून उभे होते. त्यांनी वाचले आणि विचारले, “फादर, हा अल्प आजार म्हंजे कंचा आजार?”

आम्ही हसून पान उलटले.

गाडीकाका दासगावचे. महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या खाडीकाठी, मुंबई-गोवा महामार्गावरचे हे गाव. एसटीच्या खिडकीतून पाहणाऱ्याला हे एके काळी गजबजलेले बंदर होते असे सांगितले तर खरे वाटणार नाही. पण १९२७ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहासाठी महाडला आले ते मुंबईहून जलमार्गाने, आणि उतरले दासगावला. पुढे रस्ते झाले, बंदर ओस पडले. गावाच्या पाठीशी डोंगर आहे. २००५ च्या जुलैअखेरच्या अतिवृष्टीत तो डोंगर खाली आला. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते अशी या तालुक्यातली गावे दरडींखाली सापडून दीडशेहून अधिक माणसे दगावली. गाडीकाकांची मावशी आणि तिचा नातू त्या ढिगाऱ्यात होते. पावसाळ्यात रात्री जोराची सर आली की त्यांची म्हातारी आई अजून उठून दारात बसते.

वही वाळवण्याच्या त्या दिवसांत त्यांचे डोके दुखत असे. सकाळी उठताच अधिक दुखे, उलटी झाली की जरा उतरे. पुराच्या गाळाचा वास डोक्यात बसला आहे, असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या, पित्ताचे औषध दिले आणि उपाशी राहू नका असा उपदेश केला. उपदेशाला आमच्याकडे कधी तोटा नसतो. सकाळची डोकेदुखी, उलटी आणि हळूहळू धूसर होणारी नजर ही एकत्र आली तर डोक्याचे छायाचित्र काढून घ्यावे, हे आज आम्ही कोणालाही सांगू. तेव्हा ठाऊक नव्हते.

डिसेंबरात एके दुपारी त्यांना झटका आला. देवाची कृपा अशी की गाडी उभी होती आणि मुले उतरून गेली होती. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल नाकाशी धरली. महाडच्या डॉक्टरांनी मात्र वेळ न दवडता सीटी स्कॅन करायला लावला आणि तेथून गाडीकाका परळच्या एका मोठ्या रुग्णालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठीचा तुकडा तपासून आलेल्या अहवालात एक लांबलचक शब्द होता : ग्लायोब्लास्टोमा. मेंदूच्या पेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यातून उद्भवणाऱ्या गाठींपैकी ही सर्वांत आक्रमक. शस्त्रक्रियेने ती मुळासकट निघत नाही, कारण तिची मुळे निरोगी मेंदूत शिरलेली असतात. नंतर सहा आठवडे किरणोपचार, सोबत गोळ्या, आणि पुढे महिनोन्‌महिने त्याच गोळ्या.

फेब्रुवारीत ते गावी आले तेव्हा टोपीखाली टाक्यांची अर्धवर्तुळाकार रेघ होती. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी तीन पानांचा एक कागद काढला. मराठीत होता. मेंदूच्या गाठी असलेल्या रुग्णांची एक नोंदवही ठेवली जात आहे. तुमचे वय, व्यवसाय, गाव, लक्षणे केव्हा सुरू झाली, उपचार कोणते, ही माहिती तीत ठेवली जाईल. काढलेल्या गाठीचा उरलेला अंश संशोधनासाठी जपून ठेवला जाईल. दर काही महिन्यांनी फोनवरून प्रकृतीची चौकशी होईल. नावाऐवजी क्रमांक वापरला जाईल. यापासून तुम्हांला स्वतःला काही लाभ होईलच असे नाही. नाही म्हटल्यास उपचारांत काही फरक पडणार नाही, आणि हो म्हटल्यावरही केव्हाही माघार घेता येईल.

“फादर, सही करू का?”

आम्ही कागद वरवर चाळला आणि म्हणालो, “यात तुमच्या औषधपाण्याचं काही नाही ना? मग कशाला? आहे तो ताप कमी आहे का?”

“बरं,” ते म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

आता वाचकांपुढे मोकळेपणाने सांगायला हवे. त्या उत्तरामागे आमच्याजवळ सबळ कारण होते, निदान आम्ही तशी स्वतःची समजूत घातली होती. नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी टस्किगीचे प्रकरण शिकवले होते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत, चाळीस वर्षे, उपदंश झालेल्या गरीब कृष्णवर्णीयांची सरकारी खर्चाने नोंद ठेवली गेली. नोंद ठेवली, औषध दिले नाही. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिले नाही. रोग पुढे कसा जातो हे पाहायचे होते. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल क्षमा मागितली. गरीब माणसाच्या देहावर विद्वानांनी वही लिहावी, या कल्पनेचा आम्हांला तेव्हापासून तिटकारा होता. हे एक. दुसरे कारण असे की जेवणाची वेळ झाली होती आणि तीन पाने वाचण्याचा कंटाळा आला होता.

उपवासकाळात आमची चिंतनशिबिरे असतात. तेथे एका वृद्ध धर्मभगिनीची गाठ पडली. परिचारिका म्हणून त्यांनी सोलापूरकडे उभे आयुष्य काढलेले. जेवणानंतरच्या गप्पांत आम्ही गाडीकाकांची हकीकत सांगितली आणि टस्किगीचा दाखलाही दिला, थोड्याशा अभिमानानेच. सिस्टर ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, “फादर, टस्किगीच्या त्या लोकांना कुणी विचारलं होतं का?”

“नाही. फसवलंच होतं त्यांना.”

“आणि तुमच्या ड्रायव्हरला?”

आम्ही गप्प राहिलो. त्याला विचारले होते. तीन पाने त्याच्या भाषेत लिहून विचारले होते. मधल्या मध्ये उत्तर देऊन टाकणारे आम्हीच होतो.

सिस्टरांनी मग बार्शीची गोष्ट सांगितली. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली अशी कर्करोग नोंदवही सुरू केली, जीत एका ठरावीक प्रदेशातल्या सर्व रुग्णांची नोंद व्हावी असा हेतू होता. डॉ. डी. जे. जस्सावाला हे त्यामागचे गृहस्थ. पण ती शहराची वही. खेड्यात नोंद कशी करणार? तेथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाही, घरातच मरतो. १९८७ मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावे. कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, सुईणी यांना भेटत. कुणाच्या अंगावर गाठ आहे, कुणाला अवेळी रक्तस्राव होतो, कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही, अशी चौकशी करीत आणि ही लक्षणे म्हणजे काय तेही समजावून सांगत. हेतू केवळ मोजण्याचा होता. पण काही वर्षांनी असे आढळले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या आहेत. कोणी औषध वाटले नव्हते. कोणीतरी दारात येऊन विचारले होते. १९९५ मध्ये हा निष्कर्ष एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे याच बार्शीच्या रुग्णालयाच्या आधाराने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी होतात. आज देशोदेशीच्या तपासणीच्या धोरणांमागे मराठवाड्यातल्या त्या शेतकरणींची साक्ष आहे. त्या अभ्यासातल्या एका गटाची तपासणी केली गेली नव्हती, यावरून पुढे टीकाही झाली. सिस्टरांनी ती लपवली नाही. “प्रश्न विचारायलाच हवेत, फादर. पण प्रश्न विचारणं वेगळं आणि दार लावून घेणं वेगळं.”

मेंदूच्या गाठींच्या बाबतीत मोजण्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे, तेही आम्हांला त्यानंतरच्या वाचनात कळले. कवटी ही हाडाची बंद पेटी. तिच्यात वाढणारी गाठ कर्करोगाची नसली, ज्याला डॉक्टर सौम्य म्हणतात तशी असली, तरी जागा खाते, मेंदू दाबते आणि डोळे किंवा प्राणही घेऊ शकते. पण नोंदवह्या कर्करोगाच्या, म्हणून या ‘सौम्य’ गाठींचे रुग्ण कोणाच्या हिशेबातच नव्हते. अमेरिकेत त्यासाठी २००२ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. २००४ च्या १ जानेवारीपासून तेथे अशा गाठीही नोंदल्या जाऊ लागल्या. शिवाय या गाठींचे प्रकार शंभराहून अधिक, आणि रुग्ण मात्र इतर कर्करोगांच्या मानाने थोडे. एका डॉक्टरला आयुष्यभरात एखाद्या प्रकाराचे चारदोनच रुग्ण दिसतात. चारदोन माणसांवरून तो काय शिकणार? ती माणसे एका वहीत आली पाहिजेत. जनगणनेसारख्या नोंदवहीत माणसाची गणना होते. गाडीकाकांना विचारले होते ते त्याहून अधिक होते : आपण होऊन आपली हकीकत शेवटपर्यंत सांगत राहणे.

त्या रात्री शिबिरात आम्हांला झोप लागली नाही. आमच्या थोरल्या बंधूंची आठवण येत राहिली.

ते १९८४ चे साल. वसईचे आमचे घर. भाऊ अठरा वर्षांचा, आम्ही तेरा. त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. हुशार मुलगा, पण वाचायला बसला की डोके धरून बसे. मास्तरांना ते निमित्त वाटले. मग झटके सुरू झाले. कोणी म्हणाले बाहेरचे आहे. आईने बांद्र्याच्या मोतमाउलीला नवस केला. सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे डोके विकत घेऊन आम्ही ते वाहिले. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिलेले ते लहानसे डोके आगगाडीत आमच्या मांडीवर होते आणि उन्हाने ते वितळेल की काय या काळजीने आम्ही त्यावर हात धरला होता. मुंबईच्या एका डॉक्टरांनी वडिलांना सांगितले की डोक्यात गाठ आहे. वडिलांनी ते आईलाही सांगितले नाही. आमच्या दोघी बहिणींची लग्ने व्हायची होती. नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, भाऊ गेला.

शिबिर संपल्यावर आम्ही वसईला गेलो आणि आमच्या मूळ धर्मग्रामाच्या धर्मगुरूंना विनंती करून मृतांची वही उघडली. नाव होते. वय होते. कारणाच्या रकान्यात एकच शब्द : ‘फिट’. आमचा भाऊ ज्या आजाराने गेला त्या आजाराच्या कोणत्याही वहीत तो नाही. मुंबईची नोंदवही तेव्हा वीस वर्षांची झाली होती, पण वसई तिच्या हद्दीबाहेर. आमच्याच वडिलांनी आणि कोणा सहृदय धर्मगुरूंनी मिळून त्याला त्या रकान्यातून वगळले होते. आम्ही त्या बाईंच्या बाबतीत केले तेच.

हे काम जुने आहे. धर्मग्रामांतून वह्या नियमाने ठेवाव्यात असा दंडक १५६३ मध्ये त्रेंत येथील धर्मपरिषदेने विवाहाच्या बाबतीत घातला. आम्ही धर्मगुरू त्याचा अभिमान बाळगतो. त्यानंतर शंभर वर्षांनी, १६६२ मध्ये, लंडनच्या जॉन ग्रॉंट नावाच्या एका कापडव्यापाऱ्याने तेथल्या धर्मग्रामांतून दर आठवड्याला निघणाऱ्या मृतांच्या याद्या एकत्र करून एक पुस्तक लिहिले. कोणता रोग किती माणसे नेतो हे मोजण्याच्या शास्त्राची ती सुरुवात मानतात. वैद्य नव्हे, पाद्री नव्हे, कापड विकणारा माणूस! आणि त्याच ग्रॉंटने लिहून ठेवले आहे की मृतदेह पाहून कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना घरचे लोक दारू पाजून आणि पैसे देऊन लाजिरवाणा रोग लपवायला लावीत. आम्हांला कोणी दारू पाजली नव्हती. आम्ही फुकटच लपवला.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही दासगावला गेलो. किरणोपचारांनी गाडीकाकांच्या डोक्याच्या एका बाजूचे केस गेले होते. डावा हात किंचित ओढत होता. ओटीवर शेजारीपाजारी जमले. आम्ही जमल्या मंडळींसमोरच म्हणालो, “मागं तुम्हांला सही करू नका म्हणालो ते चुकलं आमचं. कागद न वाचता बोललो. आता वाचून आलोय.” प्रवचनपीठावरून क्षमेवर शेकडो वेळा बोललो असू, पण ओटीवर बसून हे एक वाक्य उच्चारताना घशाला कोरड पडली.

एका शेजाऱ्याने विचारले, हा आजार एमआयडीसीतल्या केमिकलने होतो का? महाडच्या परिसरात हा प्रश्न कोणत्याही आजाराच्या बाबतीत निघतो आणि तो निघावा यात नवल नाही. आम्ही सांगितले की मेंदूच्या गाठींच्या बाबतीत ठामपणे सिद्ध झालेली बाह्य कारणे फारच थोडी आहेत. क्ष-किरणांसारख्या किरणोत्साराचा मोठा मारा हे त्यांतले एक. काही मोजक्या घराण्यांत आनुवंशिक दोष असतो. बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. “म्हंजे केमिकलनं न्हाय?” तसेही म्हणता येत नाही, आम्ही म्हणालो. कोणत्या गावात कितीजणांना झाला हे जिथे लिहिलेलेच नाही, तिथे आरोपही करता येत नाही आणि निर्दोषही ठरवता येत नाही. शेजाऱ्याचे समाधान झाले नाही. आमचेही होत नाही.

मग आम्ही गाडीकाकांना त्यांच्या गोळ्यांची हकीकत सांगितली. ‘टेमोझोलोमाइड’ ही गोळी किरणोपचारांसोबत द्यावी हे कसे ठरले? युरोप आणि कॅनडातल्या ८५ रुग्णालयांतले ५७३ रुग्ण एका प्रयोगात सामील झाले. निम्म्यांना नुसते किरण, निम्म्यांना किरण आणि गोळी. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. योगायोगाने तेच दासगावच्या दरडीचे वर्ष. मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. तो प्रयोग होता, ही नुसती नोंदवही आहे, हा फरकही सांगितला. पण तुमच्या हातातली गोळी ज्यांच्यामुळे आली ती माणसे तुमच्यासारखीच होती आणि त्यांच्यातली बहुतेक आज नाहीत, हेही सांगितले. आकडे सांगावेत की नाही याबद्दल वाटेत आमच्या मनात पुष्कळ घोळ झाला होता. त्यांना स्वतःचा आजार ठाऊक होता. डॉक्टरांनी काही लपवले नव्हते. पत्नी आत निघून गेली.

गाडीकाका बोटांवर मोजत होते. “अडीच म्हयने,” ते म्हणाले. “आवणीपासून कापणीपातूर. थोडं न्हाय फादर.”

अडचण निघाली ती त्यांच्या आईची. म्हातारी इतका वेळ उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, नाव लिवायचा न्हाय. दरडीच्या वेळी शाळेच्या भिंतीला यादी लावली होती. यादीत नाव आले की माणूस गेला. तिच्या बहिणीचे नाव असेच भिंतीवर वाचले होते. आम्ही काय उत्तर देणार? सेमिनरीच्या शिक्षणात त्याला उत्तर नाही. दावीद राजाने शिरगणती केली तेव्हा देश रोगराईत सापडला, ही कथा तर आम्हीच धर्मशिक्षणात सांगतो. म्हातारीचे भय बायबलाइतके जुने होते.

गाडीकाकांनीच तिला समजावले. “आये, त्यात नावच न्हाय. नंबर टाकत्यात.”

आम्हांला वाटले, आता तिचा जीव भांड्यात पडेल. झाले उलटेच. ती जास्तच रागावली. नंबर? माणसाला नंबर? बहिणीच्या नातवाचे नाव यादीत चुकीचे पडले होते. ते नीट करून घेईपर्यंत वर्ष गेले, तोवर घरच्यांना मदत मिळाली नव्हती. तेव्हा नाव लिहायचे असेल तर नीट लिहा, बापाच्या नावासकट, गावासकट, नाहीतर लिहूच नका! आम्ही तिला सांगत राहिलो की खरे नाव रुग्णालयाच्या कुलपात राहते, फक्त अभ्यास करणाऱ्यांना दिसत नाही, म्हणजे पुढे कोणी त्याचा गैरवापर करू नये. तिला ते पटले असे म्हणता येणार नाही. ती उठून चुलीकडे गेली. गाडीकाकांनी पुढच्या फेरीत परळला सही केली.

त्यानंतर दर तीनेक महिन्यांनी फोन येऊ लागला. कोणी तरुण मुलगी बोलत असे. झटके किती आले? गोळ्या चुकल्या का? स्वतः आंघोळ करता येते का? शब्द आठवतात का? झोप लागते का? पहिल्या फोनला गाडीकाका स्वतः बोलले. दुसऱ्याला बोलता बोलता ‘गाडी’ हा शब्दच आठवेना, तेव्हा पत्नीने फोन घेतला. ती आम्हांला एकदा म्हणाली, “फादर, समदी इचारत्यात ‘बरं हाय ना?’ आन् मी म्हणते ‘बरं हाय’. ती पोरगी तसं इचारत न्हाय. मग मीबी खरं सांगते.” ही गोष्ट आम्हांला फार लागली. आम्हीही दर भेटीत ‘बरे आहे ना?’ असेच विचारत आलो होतो.

मधल्या काळात आम्ही मृतांची आमची वही खरी लिहायला लागलो. घरच्यांकडून डॉक्टरांचा दाखला मागतो, त्यावरचे कारण रकान्यात उतरवतो. ज्या घराला ते उघड होऊ द्यायचे नसेल त्यांना सांगतो की वही कुलपात राहते आणि दाखल्यावर कारण उतरवले जात नाही. दोन कुटुंबे नाराज झाली. एकाने बिशपांकडे तक्रार करीन म्हणून सांगितले, अद्याप केलेली दिसत नाही. ‘अल्प आजाराने’ हे शब्द मात्र वहीत तसेच आहेत. जुनी नोंद खोडता येत नाही.

मे २०२३ मध्ये गाडीकाका गेले. शस्त्रक्रियेनंतर सोळा महिने. ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हते, म्हणून आमच्या वहीत त्यांचे नाव नाही. अंत्यसंस्कार खाडीकाठी झाले. शाळेच्या मुलांना सुट्टी होती, तरी बरीच मुले आईबापांबरोबर आली होती.

जूनच्या अखेरीस आम्ही दासगावला गेलो होतो. आवणी चालू झाली होती आणि पाऊस होता. ओटीवर बसलो असताना त्यांचा मोबाइल वाजला. तो त्यांच्या पत्नीने बंद केला नव्हता. त्याच मुलीचा फोन. पत्नीने सांगितले की ते गेले. पलीकडे काही वेळ शांतता असावी. मग तारीख विचारली गेली, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारले गेले, आणि ती सांगत राहिली. बराच वेळ. शेवटच्या आठवड्यात गिळता येत नव्हते, पण हात दाबला की दाबायचे. हे आम्हांलाही तिने सांगितले नव्हते.

म्हातारी दारात बसली होती. तिने हात पुढे केला आणि सुनेकडून फोन घेतला. तो कानाला कसा धरायचा हे सुनेने तिला दाखवले. मग तिने मोठ्याने मुलाचे नाव सांगितले, त्याच्या बापाचे नाव सांगितले, आडनाव सांगितले. “लिवलास? नीट लिव.” पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांला ऐकू आले नाही. तिने सबंध नाव पुन्हा एकदा सांगितले आणि नंतर गावही सांगितले, दासगाव, तालुका महाड.